शिंगराचा कोपरा

करडी नावाच्या घोडीला कधी सोडायचं, ते तिच्या शिंगराच्या पोटावर ठरणार होतं. ‘सोडायचं’ हा डॉक्टरांचा शब्द. तबेल्यात सगळ्यांनी तोच उचलला, कारण दुसरा, मरणाचा शब्द तोंडी घ्यायची कोणाची तयारी नव्हती.

शिंगरू जन्मलं तेव्हा करडीची वार पूर्ण पडली नाही. तळहाताएवढा तुकडा आत राहिला, कुजला, ताप चढला, आणि चौथ्या दिवशी तिच्या पुढच्या दोन्ही खुरांना हात लावला तर चटका बसत होता. घोड्याच्या खुरात एक हाड असतं, बाहेरच्या कठीण कवचाने आतून घट्ट धरून ठेवलेलं. ही पकड सुटली की जनावराचं सगळं वजन त्या हाडाला रोज थोडं थोडं खाली ढकलत राहतं. करडीची पकड सुटली होती. सात आठवड्यांत हाड जेमतेम बोटाच्या पेराएवढं सरकलं असेल. पण खुरात तेवढी जागाच नसते. ती दिवसातले सोळा-सतरा तास आडवी असायची, आणि उठली तर काचांवर उभं राहिल्यासारखी उभी राहायची.

तिला ठेवली होती ती फक्त दुधासाठी. पावडरीचं दूध शिंगराला पाजून पाहिलं, तर चार दिवस अशी हगवण लागली की ते हातचं जायचंच बाकी राहिलं. मग डॉक्टर म्हणाले, “आता एकच रस्ता. याला लवकर खुराकावर आणा. दिवसाला सव्वा किलो, सलग चार दिवस खाल्लं की मला कळवा. त्यानंतर करडीला एक दिवसही जास्त ठेवायची नाही.”

हे काम काटेबाईकडे आलं. तिला हे नाव घरातच पडलं होतं, कारण ती वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय काहीही कोणाला देत नसे. रसायनशास्त्र शिकली, शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली, आणि शाळा बंद पडल्यावर वडिलांच्या तबेल्यात परत आली. दहा-बारा घोडे, त्यातले बरेचसे लोकांचे, सांभाळायला ठेवलेले. ती आली तेव्हा खुराक पत्र्याच्या डब्याने मोजला जायचा, आणि डबा एका बाजूला चेपलेला होता. तिने पहिल्याच आठवड्यात तो डबा भंगारात टाकला आणि काटा आणला. वडील, म्हणजे आबा, तेव्हापासून म्हणत, “माझी पोरगी श्वाससुद्धा वजन करून घेते.”

शिंगरासाठी तिने करडीच्याच खोलीत कोपरा करून घेतला. पद्धत जुनीच आहे. कोपऱ्यासमोर एक आडवा पाइप लावायचा, अशा उंचीवर की शिंगरू खालून आरामात आत जाईल आणि आई बाहेर अडेल. आत शिंगराची वेगळी गव्हाण. आईचं सगळं लक्ष त्या गव्हाणीवर असतं, म्हणून पाइप आणि गव्हाण यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. काटेबाईने करडीला उभी करून, मान खाली घालायला लावून, ती पाइपाखालून कुठवर पोचते ते दोरीने मोजलं. साडेचार फूट. गव्हाण सहा फुटांवर ठेवली. धाकट्या भावाने पाइप बसवला. तो नालबंद होता. बारा तबेल्यांत फिरून नाल ठोकायचा, करडीचे खूरही तोच कोरायचा आणि तिच्या तळव्यांना जाड फोम बांधायचा.

“ताई, हिला उभं राहता येत नाही, ही कुठे पळत जाऊन खाणारे?” पाइपाचे बोल्ट आवळताना तो म्हणाला होता.

“दाणा हिच्यासाठी विष आहे. एक मूठसुद्धा पोटात जाता कामा नये.”

करडीचा दाणा तर पहिल्याच आठवड्यात बंद झाला होता. दाण्यातली साखर आतड्यात आंबते आणि तिचं विष दिवस-दीड दिवसात खुरांपर्यंत उतरतं. करडीला मिळायचं ते तासभर पाण्यात भिजवून निथळलेलं वाळकं गवत, जाळीत टांगलेलं. त्यातली साखर पाण्यात निघून जायची आणि चवही जात असावी. आबांना ते बघवत नसे.

“अगं, मूठभर ओट दे तिला. दूध पाजतेय ती.”

“आबा, नाही.”

“आणि शिंगरू खायला शिकणार कुणाकडून? ते आईच्या तोंडाकडे बघून शिकतं. तू आईचं तोंडच बंद केलंस.”

“शिकेल. भूक लागली की शिकेल.”

पहिले दहा-अकरा दिवस शिंगरू शिकलं नाही. कोपऱ्यात जायचं, गव्हाणीत पाय घालायचं, ओटचा भरडा उडवायचं, तिथेच लवंडून झोपायचं. काटेबाई सांडलेला दाणा न दाणा पेंढ्यातून वेचायची, तो वजा करायची, आणि दाराच्या पाटीवर खडूने आकडा लिहायची: वीस ग्रॅम, पस्तीस ग्रॅम, शून्य. मग एके दिवशी गव्हाण निम्मी रिकामी झाली. तिने दोनदा वजन केलं. दुसऱ्या दिवशी सातशे, मग नऊशे. तिथून नवव्या दिवशी सव्वा किलोचे चार आकडे पाटीवर एकाखाली एक उभे होते.

तिला आनंद झाला नाही असं नाही. झाला, आणि तो करडीकडे न बघता झाला. तिने सकाळी डॉक्टरांना फोन केला.

“छान काम केलंत,” ते म्हणाले. “उद्या दहाला येतो.”

आबांना सांगायला ती अंगणात गेली. ते उपड्या बादलीवर बसून एक खोगीर पुसत होते. कमरेचं हाड मोडल्यापासून घोड्यावर बसणं सुटलं, पण खोगीर पुसणं सुटलं नव्हतं.

“उद्या,” ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. करडीला जन्मताना त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर ओढून काढलं होतं, चौदा वर्षांपूर्वी, याच तबेल्यात. मग ते म्हणाले, “शिंगरू बारीक दिसतं मला.”

“दूध आटलंय ना. खुराक आत्ता कुठे अंगी लागतोय.”

“तू म्हणतेस तर असेल.”

खरं म्हणजे तिलाही ते बारीक दिसत होतं. दर आठवड्याला ती फीत घेऊन त्याच्या छातीचा घेर घ्यायची. घेर वाढायला हवा तेवढा वाढत नव्हता. पण शिंगरू फितीखाली एक क्षण स्थिर राहत नसे, आणि हलणाऱ्या अंगावरच्या फितीपेक्षा स्थिर काट्यावर विश्वास ठेवायला ती शिकली होती.

दुपारी एकच्या सुमाराला सगळे जेवायला घरात होते. काटेबाईला आठवलं, सकाळी करडीचं औषध दिलं पण पिचकारी धुवायची तशीच खोलीत राहिली. ती परत गेली. पायात रबरी चपला होत्या, त्यामुळे आवाज झाला नाही.

करडी आडवी होती. पण नेहमीच्या जागी नव्हती. ती कोपरांवर सरकत सरकत पाइपाखाली गेली होती. खांदे आत, पाठीचा उंचवटा पाइपाला घासलेला, मान लांबवलेली, आणि ओठ गव्हाणीत. जीभ गव्हाणीच्या तळावरून फिरत असल्याचा खरखरीत आवाज येत होता. शिंगरू भिंतीला चिकटून उभं होतं आणि बघत होतं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं तशी करडीने कान मागे पाडले आणि दात दाखवले. शिंगरू पुन्हा भिंतीला लागलं.

काटेबाई दारातच उभी राहिली. उभ्या घोडीचं अंतर तिने मोजलं होतं. या घोडीला उभं राहता येत नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी तिने उभ्या घोडीचं अंतर मोजलं होतं.

करडीच्या पाठीवर एक केस गेलेला पट्टा होता. आठवड्यापूर्वी धाकट्याने तो पाहून मलमही लावलं होतं. “पडून पडून सोलवटतंय,” म्हणाला होता, आणि तिने मान डोलावली होती. खूर पुन्हा तापलेत, हेही तिने पाहिलं होतं. रोग वाढतोय, असं तिने गृहीत धरलं होतं. पाटीवरचा प्रत्येक आकडा खरा होता. तेवढा खुराक खरोखरच गव्हाणीतून गेला होता. कोणाच्या पोटात गेला, हे पाहायला ती एकदाही थांबली नव्हती.

करडीला तिची चाहूल लागली. तिने जीभ आत घेतली, ओठ मिटले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली. परत मागे सरकायला तिला फार वेळ लागला. काटेबाईने मदत केली नाही; कुठे हात लावावा ते तिला कळेना.

घरात आली तेव्हा धाकटा हात धुवत होता.

“शिंगराने एक दाणाही खाल्लेला नाही,” ती म्हणाली. “सगळं करडीने खाल्लं. नऊ दिवस.”

“काहीतरीच काय. पाइप आहे ना?”

“झोपून. पाइपाखालून सरकते.”

धाकट्याच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. आबांनी ताट बाजूला सारलं.

“मी पाइप तू सांगितलंस तिथेच लावला, ताई,” धाकटा म्हणाला.

“हो. तू बरोबर लावलास.”

“काटा खोटं बोलत नाही म्हणायचीस,” आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “नाहीच बोलला तो. आम्ही मात्र मुकाट बसलो. पोरगी शिकलेली आहे ना, म्हणून.”

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं, कुठेही स्वतःला न वाचवता. “मी आजच येतो,” ते म्हणाले.

डॉक्टर संध्याकाळी पाचलाच आले. करडीचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी फोम सोडला. खुराच्या तळव्याला, टोकाच्या जरा मागे, चंद्रकोरीसारखा फुगवटा आला होता. त्यांनी अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

“हाड आहे हे. बाहेर यायला टेकलंय. मी तर उद्याच म्हणतो.”

“आणि शिंगरू?”

“सात आठवड्यांचं पोर. दूध नाही, पावडर पचत नाही, दाणा तोंडाला लागलेला नाही. तुम्हीच सांगा काय होईल ते.” मग तिचा चेहरा बघून ते थोडे नरमले. “दुखण्याचं औषध दुप्पट करतो. परवा सकाळी नऊला येईन. त्यापुढे एक तासही मी मान्य करणार नाही. हिला अजून किती सोसायला लावायचं?”

चाळीस तास होते.

ते गेल्यावर धाकट्याने पाइप काढला. त्यांनी शिंगराची गव्हाण उचलून करडीच्या तोंडासमोर ठेवली, पेंढ्यावर. काटेबाईने मूठभर भरडा टाकला, पन्नास ग्रॅमही नसेल. करडीने आधी तिघांकडे पाहिलं. एवढे दिवस जे चोरून खायचं, ते आज समोर आणून ठेवलं होतं. तिचा विश्वास बसत नसावा. मग तिने खाल्लं. दाढांखाली ओट फुटण्याचा आवाज आला तसं शिंगरू कान टवकारून पुढे आलं. नाक गव्हाणीकडे नेलं. करडीने मान फिरवून त्याचा चावा घेतला.

खरा चावा. मानेवर दातांची ओळ उमटली. शिंगरू चित्कारून मागे पडलं.

“अरे देवा,” धाकटा म्हणाला. “आई आहे का कोण ही?”

“उपाशी आहे,” आबा म्हणाले. “सात आठवडे पाण्यात धुतलेलं गवत खाऊन राहिलीय. तू असतास तर बापालासुद्धा चावला असतास.”

अजून दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच झालं. काटेबाई पेंढ्यात मांडी घालून बसली होती. तिथूनच ती हळूच म्हणाली, “हिचं पोट भरल्याशिवाय ही त्याला जवळ येऊ देणार नाही.”

“मग?”

“मग पोट भरायचं. चार किलो, पाच किलो, जेवढं खाईल तेवढं. पोट भरलं की ती नुसती चघळत बसेल आणि त्याला शेजारी उभं राहू देईल.”

धाकटा बघतच राहिला. “दाणा विष आहे म्हणालीस. एक मूठ नको म्हणालीस.”

“आत्ता दिलं तर उद्या रात्री चढेल. उद्या सकाळी नऊला दिलं, तर निदान चोवीस तास जातील चढायला. तोवर डॉक्टर आलेले असतील.”

आबा काठी टेकत उठले. इतका वेळ जो राग आत ठेवला होता तो आता वर आला. “जनावर आहे ते! तुझ्या शाळेतली काचेची नळी नाही, यात इतकं ओत, त्यात तितकं ओत. आणि तुझा हिशेब चुकला तर? आजवर काय बरोबर आलाय?”

“चुकू शकतो,” ती म्हणाली.

“मग?”

“मग तिला काही तास फार दुखेल. आणि दिलं नाही, तर शिंगरू आठ दिवसांत जाईल. मला तिसरं काही दिसत नाही, आबा. तुम्हाला दिसत असेल तर सांगा. मी तसं करते.”

आबा तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं ते काहीतरी सांगतील; आयुष्य घोड्यांत काढलेल्या माणसाला काहीतरी ठाऊक असेल. ते काठी टेकत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत आली तेव्हा ओटचं पोतं दाराशी आणून ठेवलेलं होतं. मोडक्या कमरेने ते त्यांनी कसं ओढलं असेल, कोणास ठाऊक. आबा आत करडीच्या डोक्याशी बसले होते.

“नऊ वाजले की सांग,” म्हणाले. “ओट मी घालणार. माझ्या हातचं खाऊ दे.”

नऊला त्यांनी सुरुवात केली. करडी खात राहिली. अंदाजे पहिला किलो तिने श्वास न घेता खाल्ला. दुसऱ्यालाही घाई होती. शिंगरू तीन हातांवरून बघत होतं, आणि ते पुढे झालं की तिचे कान मागे जायचे. आबा तिच्याशी बोलत होते, लहान मुलाला भरवताना बोलावं तसं. “खा गं बाई. आज कोणी मोजत नाही. काटेबाईंनी सुट्टी दिलीय तुला.” काटेबाईने ते ऐकलं आणि खिडकीकडे बघितलं.

तिसऱ्या किलोला करडीची गती मंदावली. मध्येच थांबून ती लांब उसासा टाकायची. दहा वाजून गेले तेव्हा शिंगरू पुन्हा आलं, आणि या वेळी कान मागे गेले नाहीत. त्याने आईच्या ओठांना नाक लावलं. ओठांवर ओला भरडा चिकटला होता. शिंगराने तो चाटला, वरचा ओठ वाकडा केला, फुरफुरलं, आणि मागे जाऊन दूध शोधू लागलं. दूध जवळजवळ नव्हतंच. परत आलं. परत ओठ चाटले.

“बोलू नका,” काटेबाई पुटपुटली, जरी कोणी बोलत नव्हतं.

साडेअकराला शिंगराने गव्हाणीत तोंड घातलं. करडीचं तोंडही तिथेच होतं. दोन नाकं एकमेकांना लागली. शिंगराने थोडे दाणे ओठांत धरले, तोंडात घोळवले, निम्मे बाहेर पडले. करडी चावत होती; शिंगरू तिच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत होतं, आणि बघता बघता त्याचाही जबडा हलायला लागला. काटेबाई त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. गळ्याखालून एक गोळा सरकत गेला.

“गिळलं,” ती म्हणाली.

आबांनी ऐकलं, पण ते शिंगराकडे बघत नव्हते. त्यांचा हात करडीच्या खुरावर होता.

दिवसभर तसंच चाललं. शिंगरू यायचं, खायचं, जायचं. दुपारनंतर ते आईच्या आधी गव्हाणीशी येऊ लागलं. काटेबाई तिथून हलली नाही. धाकट्याने पाण्याचा तांब्या आणि पोळी दारातून दिली. त्याने विचारलं, “किती खाल्लं?” ती म्हणाली, “बऱ्यापैकी.” धाकट्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला ताप आला होता.

हिशेब दोन तासांनी चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला करडीला घाम फुटला. मानेवरून, छातीवरून पाणी ओघळत होतं, अंग थरथरत होतं, आणि ती डोकं उचलून पुन्हा पुन्हा पेंढ्यावर आपटत होती. काटेबाईने डॉक्टरांना लगेच बोलावलं. पोचायला त्यांना पाऊण तास लागला. तो पाऊण तास आबांनी करडीचं डोकं मांडीवर धरून काढला. एकदाच मुलीकडे बघितलं. ती नजर चुकवायला हवी होती असं तिला वाटलं, पण तिने चुकवली नाही.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, “खातंय?”

“खातंय.”

त्यांनी बॅग उघडून सुई भरायला घेतली. शिंगराला बाहेर न्यायचं का, असं धाकटा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, “राहू दे. बघितलं, हुंगलं, म्हणजे नंतर शोधत बसत नाहीत.” सुई मानेत गेली. करडीने एक मोठा श्वास घेतला आणि दुसरा घेतलाच नाही. थरथर मात्र थांबायला अजून मिनिटभर लागलं. कातडीला अजून कळलं नसल्यासारखी ती आपली थरथरत राहिली.

शिंगरू पुढे आलं. तिचं तोंड हुंगलं. नाकाने कानशिलाला धक्का दिला. मागे जाऊन ओढून बघितलं, काही थेंब मिळाले असावेत, कारण ते थोडा वेळ तिथेच राहिलं. मग ते गव्हाणीशी आलं आणि खायला लागलं.

शिंगराने सात-आठ घास खाल्ले, मान वळवून आईकडे पाहिलं, ती आहे याची खात्री केली, पुन्हा खाल्लं.

गाडी आली तेव्हाही ते खातच होतं. मेलेली जनावरं नेणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दोर होता.

“मला अजून दोन ठिकाणी जायचंय,” तो म्हणाला.

“थांब जरा,” आबा म्हणाले.

“थांबतो हो, पण ऊन चढलं की मग मलाच त्रास. किती वेळ?”

“त्याचं जेवण होईपर्यंत.”

माणसाने आत डोकावून बघितलं. मग त्याने दोर खांद्यावर टाकला आणि तो भिंतीला टेकला.

शिंगराने पोटभर खाल्लं. पोटभर म्हणजे काय, ते काटेबाईने आज पहिल्यांदा बघितलं: बरगड्यांच्या मागची खोबण भरून आली, पापण्या जड झाल्या, खालचा ओठ लोंबला. ते आईच्या पोटाशी गेलं, गुडघे दुमडले, आणि तिला टेकून झोपी गेलं. करडीचं अंग अजून गरम होतं.

काटेबाईने धाकट्याला खूण केली. दोघांनी शिंगराला उचललं. तिने पुढून, त्याने मागून. झोपलेलं शिंगरू अंगाच्या मानाने जड लागतं, चारही पाय लोंबत असतात. ते दाराच्या उंबऱ्यापर्यंत झोपेत होतं. उंबऱ्यावर जागं झालं.

शेजारच्या खोलीत नवा पेंढा आणि भरलेली गव्हाण तयार होती. दार लावलं तसं ते ओरडायला लागलं. पलीकडून फरशीवर काहीतरी जड घासत जाण्याचा आवाज आला, मग गाडीच्या फळीचा, मग गाडी सुरू झाल्याचा. शिंगराने दारावर छाती आपटली. घसा फुटेपर्यंत ओरडलं. काटेबाई आत, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली होती. त्याच्या वाटेत आली नाही, त्याला हात लावला नाही.

दुपारभर ते ओरडत राहिलं. आवाज घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा यायला लागली. आणि अधूनमधून ते ओरडणं थांबवून गव्हाणीत तोंड घालायचं, घाईघाईने चार घास चावायचं, आणि तोंडातले दाणे गिळायच्या आत पुन्हा दाराकडे वळून ओरडायचं.